न सांगता गेलं तर दार उघडतात का?

पोरीला दूर संस्थेत घातलं अन् बापाची पेन्शन खायलेत, असं सध्या आमच्याबद्दल गावात बोललं जातंय. बोलणाऱ्यांपैकी एकानंही इतक्या वर्षांत माईला एकदा आंघोळ घातलेली नाही, त्यामुळं मी ते मनावर घेत नाही, आणि घेतलंच तर संध्याकाळी नवऱ्यावर काढते अन् मोकळी होते.

माई म्हणजे माझी धाकटी बहीण, हे घरातलं नाव. वय ३४. जन्मली तेव्हा लवकर रडली नाही, पुढं सेरेब्रल पाल्सी निघालं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातपाय ताब्यात राहत नाहीत ते, सोबत बौद्धिक अक्षमता, फिट पण येतात. चालत नाही, बोलत नाही, स्वतःच्या हातानं खात नाही. पण आवडनिवड सगळी आहे हो. नको असलं की ओढणी तोंडावर घेते, पाहिजे असलं की समोरच्याच्या बांगड्या ओढते, भजन लागलं की मान डोलवते आणि टीव्हीवर बातम्या लागल्या की ओरडते, आमच्या घरात सगळ्यात शहाणी हीच आहे असं अण्णा म्हणायचे ते उगं नाही.

अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, ते गेले. आई सत्तरीच्या पुढं. पावसाळ्यात अंगणात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले मावशी आता वजन उचलायचं नाही. माई ४२ किलोची आहे, तिला दिवसातून किती वेळा उचलावं लागतं ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं कारण आई न मोजता करत होती. भाऊ पुण्यात वन बीएचकेत, मी तालुक्याला दोन खोल्यात सासू-पोरांसोबत, नोकरी चालू. शहरातल्या, सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला तर चोवीस तासाच्या बाईचे जे पैसे सांगितले ते आईच्या पेन्शनच्या वर जात होते, आणि वरून म्हणे खेड्यात बाई येणार नाही. गावातली एक यायला तयार झाली पण सुगी लागली की ती शेतात जाणार, अन् का जाऊ नये तिनं, चार पैसे तिथं जास्त मिळतात.

असं करत करत माईला कायम ठेवून घेणाऱ्या निवासी संस्थेवर गाडी आली. एक पाव्हणे म्हणाले येरवड्याला टाका ना सरळ. मी म्हणलं मामा, ते मनोरुग्णालय आहे, आजार बरा करायचं ठिकाण, माई आजारी नाहीये. हे मामांनाच नाही, चांगल्या शिकलेल्यांना पण कळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर मानसिक आजाराच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलंय की बौद्धिक अक्षमता त्यात मोडत नाही.

मग मी कायदे वाचायला लागले. वकील नाही मी, पण रात्री आई झोपल्यावर मोबाईलवर वाचत बसायचे, आणि वाचलं ते बरं झालं कारण पुढं जिथं जिथं गेलो तिथं माझं तोंड उघडलं ते त्याच्यामुळंच. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात कलम ५ म्हणतं की दिव्यांग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कलम ९ लेकरांबद्दल आहे. नुसत्या अपंगत्वावरून लेकराला आईबापापासून तोडता येत नाही, त्याच्या भल्यासाठी कोर्टानं हुकूम केला तरच, आणि आईबापाला सांभाळणं होतच नसेल तर आधी जवळचे नातेवाईक बघायचे, ते नसतील तर समाजातच घरासारखी जागा, आणि अपवाद म्हणून संस्था. म्हणजे संस्था सगळ्यात शेवटी. वाचायला फार छान वाटतं. पण ती मधली घरासारखी जागा कुठंय? नॅशनल ट्रस्ट म्हणजे माईसारख्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिची समर्थ-घरौंदा नावाची स्कीम आहे, थोड्या दिवसांच्या निवासासाठी आणि मोठ्या वयाच्या लोकांच्या ग्रुप होमसाठी, आपल्या जिल्ह्यात कोणती संस्था त्यांच्याकडं रजिस्टर आहे ते त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. जरूर बघा. पण बघताना मन घट्ट करून बघा.

मराठवाड्यात लहान लेकरांसाठी काही चांगली कामं आहेत. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांसाठी संवेदना केंद्र आहे, संभाजीनगरला जुन्या विशेष शाळा आहेत, निवासी शाळा पण बऱ्याच गावात निघाल्या. शाळा आहे तोवर सगळं सुरळीत वाटतं. मग लेकरू १८ चं होतं आणि शाळा म्हणते घेऊन जा. हातपाय चालत असतील त्याला कार्यशाळा तरी असते, मेणबत्त्या, फाईली, पणत्या वगैरे. ज्याला बूड टेकून बसता पण येत नाही त्याच्यासाठी काय? विदर्भात अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी ह्याच अठरा वर्षांच्या अटीविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला. टाकून दिलेल्या लेकरांना स्वतःचं नाव लावलं, आणि १८ झाली म्हणून बाहेर काढायला नकार दिला, २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री मिळाली चांगलं झालं, पण अठराच्या नंतर कुठं जायचं हा प्रश्न घेऊन लोक आजही दारोदार फिरायलेत.

तर आम्ही पण फिरलो. भावानं रजा काढली, आईला मावशीकडं ठेवलं, माईला घेऊन नाही, आधी आम्ही दोघंच.

एका ठिकाणचं सांगते, नाव गाव काही लिहिणार नाही. मोठं गेट, आत टाईल्स, ऑफिसात पुढाऱ्यांसोबतचे फोटो, ट्रॉफ्या. मॅडमनी चहा पाजला, फाईल बघितली आणि मग आवाज खाली करून मला विचारलं, "ताई, पिशवी काढलेली आहे का?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हणलं कोणती पिशवी. भाऊ उठून बाहेर गेला बिचारा. मॅडम म्हणाल्या, तसं नाही, पाळीचं आमच्या बायांना जड जातं, आणि शिवाय काही होऊ नये म्हणून, बऱ्याच पालकांनी काढूनच आणलंय. काही होऊ नये म्हणून! म्हणजे रात्री कोणी काही करू नये याची जबाबदारी तुमची की माझ्या बहिणीच्या पोटाची? मी एवढंच म्हणलं की मॅडम तुमच्याकडं रात्री बायांच्या खोलीजवळ कोण असतं, तर कळलं एक सेविका असते, ती पण कधी कधी सुट्टीवर असते, आणि वॉचमन असतो. पुरुष.

आपल्या महाराष्ट्रात हे झालेलं आहे आधी. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींच्या गर्भपिशव्या ससूनला नेऊन काढल्या होत्या, तेव्हा महिला संघटनांनी मोठं आंदोलन केलं, देशभर चर्चा झाली. तीस वर्षं होऊन गेली आणि तोच प्रश्न चहाच्या कपासोबत मला विचारला जातोय. आणि आपल्या भागात तर पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यासारखं झालंय, बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ ला गाजलं, पाळीत कामाचा खाडा नको म्हणून तरण्या बायांच्या पिशव्या काढलेल्या. २०१६ च्या कायद्याचं कलम १० सांगतं की कुठल्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय असा कुठलाही उपचार करता येत नाही ज्यानं मूल होण्याची क्षमता जाते. तिच्या स्वतःच्या. आईबापाच्या नाही, संस्थेच्या तर नाहीच नाही. माई अशी संमती देऊ शकत नाही म्हणजे उत्तर 'नाही' असंच आहे, तिथं आमची सही चालवून घ्यायची नाही. खरोखर आजार असेल, गाठ असेल, रक्तस्राव थांबत नसेल तर डॉक्टर ठरवतील, ते वेगळं. सोय म्हणून नाही.

त्याच ठिकाणच्या प्रवेश फॉर्मवर खाली बारीक अक्षरात होतं की सर्व वैद्यकीय निर्णय संस्था घेईल आणि पालकांची त्यास पूर्ण संमती राहील. आणि भेटायला महिन्यातून एक ठरलेला दिवस, दोन तास, मुलांना सवय होऊ द्यावी लागते म्हणून पहिले तीन महिने भेट नाही. तीन महिने! बोलता न येणाऱ्या माणसाला तीन महिने कोणी बघायचं नाही.

इथंच माझं ठरलं, आणि भावाचं पण, की बाकी काही असो नसो, जिथं न सांगता जाता येत नाही तिथं माईला ठेवायचं नाही. टाईल्स नसल्या चालतील. फिजिओथेरपीची मशीन नसली तर नसू दे, तशी पण ती बऱ्याच ठिकाणी कव्हर घालूनच ठेवलेली असते. पण मंगळवारी दुपारी चार वाजता मी एसटीतून उतरून गेटावर गेले तर मला आत, तिच्या कॉटपर्यंत, जाऊ दिलं पाहिजे. ऑफिसात बसवून पोरीला पावडर लावून बाहेर आणतात ती भेट नाही. माई सांगू शकत नाही कोणी चिमटा काढला, कोणी उपाशी ठेवलं. तिचं अंग सांगतं. टाचा, माकडहाड, कंबर, कानाच्या मागं, तिथं लाल झालंय का ते हातानं बघावं लागतं, दोन दोन तासाला कूस बदलली नाही तर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा, होतात आणि एकदा खोल गेला की तो महिनोन् महिने भरत नाही. वजन बघावं लागतं. दर महिन्याचं वजन लिहिलेलं रजिस्टर दाखवा म्हणा, जिथं ते लगेच काढून दाखवतात तिथं निम्मं काम झालं समजा.

नातेवाइकांच्या ठरलेल्या भेटीवर माझा विश्वास का नाही ते पण सांगते. तमिळनाडूत एरवाडीला २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, २८ माणसं जळून मेली कारण त्यांना साखळीनं बांधलेलं होतं. आणि आपल्याकडं पनवेलजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात गतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याचं २०११ मध्ये बाहेर आलं, हायकोर्टापर्यंत गेलं. बंद गेटाच्या आत काय चाललंय ते बाहेर कळायला फार उशीर होतो, एवढंच मला म्हणायचंय.

गेटावर अजून एक बघायचं, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का. सरकारी सोडून दिव्यांगांसाठीची कुठलीही संस्था २०१६ च्याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणं नोंदणी केल्याशिवाय चालवता येत नाही आणि ते सर्टिफिकेट दिसेल अशा जागी लावायचं असतं. आम्ही एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले ट्रस्ट रजिस्टर आहे की धर्मादायकडं. धर्मादायची नोंदणी म्हणजे गणपती मंडळाची पण असते, ही वेगळी. आणि आत काही वाईट चाललंय असा संशय आला तर कलम ७ खाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं कळवू शकतं, नातेवाईकच पाहिजे असं नाही. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपले तहसीलदार. म्हणजे तुम्हाला मुंबई-पुण्याला जायचं काम नाही, जिथं उत्पन्नाचा दाखला काढता त्याच ऑफिसात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच घ्यायचीच.

दुसरं एक ठिकाण मिळालं ते दिसायला काही नव्हतं. पत्र्याचं शेड, पुढं लिंबाचं झाड, आत बारापंधरा बाया-मुली. आम्ही न सांगताच गेलो होतो, मुद्दाम, दुपारच्याला. दोघी मेथी निवडत बसलेल्या, एक खुर्चीला बांधलेली नव्हती तर उशा लावून बसवलेली होती, हा फरक बघा, कारण बऱ्याच ठिकाणी ओढणीनं बांधतात आणि म्हणतात पडू नये म्हणून. एक मुलगी आली आणि माझी पर्स उघडून बघायला लागली, कोणी तिला खेकसलं नाही. चालवणाऱ्या ताई साधारण माझ्याच वयाच्या. मी विचारलं आम्ही कधी येऊ शकतो, तर त्या म्हणाल्या, "कधी बी या की. रात्रीचं आलात तर कुत्रं भुकंल, तेवढं सांभाळा. अन् जेवायच्या टायमाला आलात तर दोघी जणींना भरवावं लागंल, आमचे हात कमी पडायलेत."

मी भावाकडं बघितलं, भावानं माझ्याकडं.

पण लगेच हो म्हणलं नाही. रात्री किती जणी असतात ते विचारलं, मुक्कामाला दोघी, दोघी पण बाया. फिट आली तर काय करता ते विचारलं, त्यांनी सांगितलं कुशीवर करतो, तोंडात काही घालत नाही, वेळ बघतो, पाच मिनिटाच्या वर गेली तर दवाखाना, बरोबर सांगितलं. कांदा-चप्पल कोणी म्हणलं असतं तर मी तिथूनच परतले असते. फॉर्म घरी आणला, त्यातली दोन वाक्यं खोडून आमची लिहिली की भेटीवर बंधन राहणार नाही आणि इमर्जन्सी सोडून कुठलाही उपचार आम्हाला कळवल्याशिवाय होणार नाही. ताईंनी सही केली. वाईट वाटलं नाही त्यांना, उलट म्हणाल्या की पालक असे पाहिजेत, काही जण तर पोरीला सोडून फोन नंबर बदलतात. ते ऐकून गप्प बसावं लागलं. संस्थांच्या नावानं आपण बोटं मोडतो पण ही बाजू पण आहे.

माईला आधी पंधरवडाभर राहायला ठेवलं, मी पहिले काही दिवस तिथंच झोपले. तिची एक वही करून दिली. भाकरी दुधात पूर्ण कुस्करून, डाळ घट्ट, पाणी चमच्यानं आणि मान पुढं करून, आडवं असताना एक घोट पण द्यायचा नाही, फुप्फुसात जातं आणि त्यानंच निमोनिया होतो. फिटच्या गोळ्यांच्या वेळा. डाव्या कुशीवर लवकर झोपते. पाळी येण्याआधी चिडते, तेव्हा पोट शेकायचं. ओढणी तोंडावर घेतली म्हणजे नको. बांगड्या ओढल्या म्हणजे पाहिजे. आठ-दहा दिवसांनी तिथल्या सेविकेच्या बांगड्या ओढायला लागली. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता कागदाचं, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. माई १८ ची झाली त्याच दिवशी कायद्यानं सज्ञान झाली, त्यामुळं आईची सही तिच्या वतीनं आपोआप चालत नाही. इतकी वर्षं आम्हाला हे माहीतच पडायची वेळ आली नाही, दवाखान्यात सगळे आईलाच विचारतात. बँकेत अडलं. त्यासाठी गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, लागते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे आणि त्यात कोर्टात जायची गरज नाही, जिल्ह्याला स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तीन महिन्यातून एकदा तरी बैठक घ्यायची असं कायद्यात आहे. अर्ज आईबाप करू शकतात, नातेवाईक करू शकतात, म्हणजे लग्न झालेली बहीण पण करू शकते बरं का, मला एका ऑफिसातल्या क्लार्कनं तोंडावर सांगितलं की ताई तुम्ही आता त्या घरच्या, भावाला पाठवा. मी म्हणलं कायद्यात घर लिहिलेलं नाही, नातेवाईक लिहिलंय, तुम्हीच वाचा. वाचलं नाही त्यांनी, पण अर्ज घेतला.

लोकांना वाटतं गार्डियन झालं की आपण मालक झालो. तसं नाही. गार्डियन झाल्यापासून सहा महिन्यात तिच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्यायची, आणि दरवर्षी मार्च संपल्यावर तीन महिन्यात हिशोब द्यायचा. नीट सांभाळलं नाही, छळ केला, पैसा खाल्ला तर दुसरा नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडं अर्ज करून गार्डियन काढायला लावू शकते. मला हे फार आवडलं. पेन्शन खायलेत म्हणणाऱ्यांनी पण यावं, हिशोब बघावा.

आणि सातबारा! आपल्याकडं खरी गोम तिथं असते. अशा लेकराचं नाव वारसात लावतच नाहीत, हिला काय करायची जमीन म्हणून. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ मध्ये साफ लिहिलंय की आजार, व्यंग, अपंगत्व यावरून कोणाचा वारसा जात नाही. माईचा वाटा माझ्याएवढा आणि भावाएवढाच. हक्कसोडीवर तिचा अंगठा घेतला तर त्याला काही अर्थ नाही, जिला करार कळत नाही तिचा करारच होत नाही. आमच्या चुलत्यांनी एकदा सहज सुचवून बघितलं होतं. आईनं एवढंच म्हणलं, "भावजी, तिचा हिस्सा घ्यायचा तर तिला पण घेऊन जा, आजच्याला." परत कोणी बोललं नाही.

पैशाचं थोडक्यात. सरकारी नोकरीतल्या माणसाच्या ज्या लेकराला अपंगत्वामुळं कमावता येत नाही त्याला आईबापाच्या माघारी आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं, पण नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदात आधीच लावून ठेवा, दोघं गेल्यावर शोधत बसाल तर चपला झिजतील. निरामया नावाचा नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका. पेन्शन नाही अशा घरांना संजय गांधी निराधार आहे, २०२५ ला दिव्यांगांसाठी ते १५०० वरून २५०० केलं. २५०० मध्ये महिन्याचे डायपर तरी येतील का ते तुम्हीच हिशोब करा. जास्त आधार लागणाऱ्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी भत्ता पण २०१६ च्या कायद्यात लिहिलाय, सरकारच्या आर्थिक कुवतीप्रमाणं असं शेपूट लावून.

आणि एक सांगायचं राहिलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवरचं एक जोडपं दरवर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. त्यांचा पोरगा वीसेक वर्षांचा, माईसारखाच पण चालतो, पळतो. एक वर्षी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, नेला तर बैलगाडीखाली येता येता वाचला. आता आजीजवळ ठेवतात आणि आजी त्याला दिवसा दाव्यानं बांधते, कारण विहीर जवळ आहे. त्या माऊलीला क्रूर म्हणायची माझी हिंमत नाही. मी त्याच्या आईला माईच्या संस्थेबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, "अक्का, मला कायमचं नको. पाडव्याला आम्ही वापस येतो की. तेवढं सहा महिने कोणी ठिवून घेईल का?" मी दोनतीन ठिकाणी फोन केले. सगळे म्हणाले घ्यायचं तर कायमचं, सहा महिन्यासाठी बेड अडवून ठेवता येत नाही. ऊसतोडीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात ना, शाळा बुडू नये म्हणून, तशी अशा पोरांसाठी हंगामापुरती एक सोय बीड-परभणीच्या पट्ट्यात कोणी काढली तर दसऱ्याच्या आधीच भरून जाईल. समर्थसारख्या स्कीमचा खरा उपयोग इथं आहे, पण हे दिल्लीत बसलेल्यांना कोण सांगणार, कोपी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

माई आता तिथं राहते आहे. मी जाते, कधी आठवड्यानं, कधी दोन आठवड्यांनी, वार ठरवत नाही. आई एकदा आली होती, वॉकर घेऊन, सगळ्या बायांच्या डोक्याला तेल लावून आली. सणाला माईला घरी आणतो. गार्डियनचा अर्ज समितीपुढं आहे, माझं आणि भावाचं दोघांचं नाव घातलंय.

भांडण एकाच गोष्टीवर चालू आहे. भावाचं म्हणणं, आपण पण म्हातारे होणार, तेव्हा पुढं संस्थेलाच गार्डियन करायचं का ते आत्ताच बघू, कायद्यात तशी सोय आहे. सोय आहे, खरं आहे. पण जी संस्था तिला जेवू घालते तिच्याच हातात तिची पेन्शन, तिचा सातबारा आणि तिच्यासाठी तक्रार करायचा हक्क, तिन्ही द्यायचं? ताई चांगल्या आहेत. ताईंच्या नंतर कोण येणार ते ताईंना पण माहीत नाही. मी म्हणते गार्डियन बाहेरचाच पाहिजे, घरातल्या पुढच्या पिढीतला, आणि माझी मोठी लेक आत्ताच माझ्यासोबत तिकडं येते, माईला भरवते. भाऊ म्हणतो आपल्या पोरांच्या गळ्यात आत्तापासून हे कशाला. त्याचं पण चूक नाही. दिवाळीला तो येणार आहे, तेव्हा परत हाच विषय निघणार, आई वैतागणार, आणि माई बातम्या लागल्यासारखी ओरडणार आमच्या दोघांवर.